मे महिन्यात कण्हेर हिरवी कशी राहते आणि ती विषारी का असते? दोन्हीचं उत्तर एकच आहे

मागच्या मे मध्ये आमच्या फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, वर तीन कवट्या, खाली कण्हेरीचा फोटो आणि लाल अक्षरात "हे झाड दारात असेल तर आजच उपटून टाका". पाच मिनिटात आत्याचा फोन. "अगं तुझ्या दारात तेच हाय न्हवं? इख हाय ते बाई. लेकरं खेळूलालेत तिथं, उपटून टाक की."

मी तेव्हा दारातच उभी होते. लातूरचं ऊन, ४३ डिग्री, तुळस जुन्या साडीच्या सावलीत ठेवलेली, हौसेनं आणलेले दोन गुलाब काडी होऊन गेलेले, जास्वंदीची पानं हाताने चुरली तर पापडासारखी मोडतील अशी, आणि कंपाऊंडच्या कडेला ती कण्हेर, जिला गेल्या आठ दिवसात एक बादली पाणी मिळालं असेल नसेल, गुलाबी फुलांनी वाकलेली. पान एकही मरगळलेलं नाही.

आत्याला म्हणलं बघते. आणि मग खरंच बघत बसले, वाचत बसले, शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या मैत्रिणीचं डोकं खाल्लं. त्यातून जे कळलं ते इथं सोप्या भाषेत लिहितेय, कारण फॉरवर्ड अर्धा खरा आहे आणि अर्धं खरं हे जरा जास्तच घोळाचं असतं.

आधी हे ठरवू की कुठली कण्हेर

आपण दोन वेगळ्या झाडांना कण्हेर म्हणतो. एक लाल, गुलाबी किंवा पांढऱ्या फुलांची, लांब चिवट पानांची, एका पेरातून बहुतेक तीन-तीन पानं निघणारी. ही खरी कण्हेर, संस्कृतात करवीर. भूमध्य समुद्राच्या आसपासच्या देशांपासून आपल्याकडपर्यंत ती मूळची आहे, आणि रानात उगवते ती जास्त करून ओढ्या-नाल्याच्या पात्रात, म्हणजे पावसाळ्यात पाणी आणि बाकी वर्षभर नुसते गोटे अशा जागी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुसरी पिवळी कण्हेर, घंटेसारखी फुलं, पान तोडलं की पांढरं दूध, आणि ते हिरवं तिकोनी फळ ज्याच्या आत बिट्टी असते. ही अमेरिका खंडातून आलेली. लहानपणी आम्ही दिवसभर बिट्ट्या खेळायचो आणि त्याच हाताने शेंगदाणे खायचो, आता आठवलं की अंगावर काटा येतो, कारण या बियांमध्ये विष फार असतं. दोन्ही झाडं एकाच कुळातली, रुई, तगर, चाफा आणि सदाफुलीच्या नात्यातली. इथून पुढे कण्हेर म्हणलं की पहिलीच समजा.

पानाची अडचण काय असते

झाडाला जेवण बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला पानाला बारीक छिद्रं असतात, पुस्तकात त्यांना पर्णरंध्रं म्हणतात, आपण छिद्रंच म्हणू. पण छिद्र उघडलं की हवा आत येते आणि आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. आणि हा सौदा भयंकर तोट्याचा आहे, कार्बन डायऑक्साइडचा एक कण आत घ्यायला आपल्या नेहमीच्या झाडांचे पाण्याचे काहीशे कण बाहेर जातात. म्हणजे मे महिन्यात दुपारी एक पाहुणा घरात घ्यायला दार उघडावं आणि तेवढ्यात सगळी थंड हवा निघून जाऊन झळ आत यावी, तसं. दार बंद ठेवलं तर पाहुणा उपाशी बाहेर, उघडं ठेवलं तर घरातले सगळे भाजून निघणार.

वर अजून एक भानगड आहे. झाडाच्या आतल्या बारीक नळ्यांमधून पाणी ढकललं जात नाही, ते वरून ओढलं जातं, पानातून वाफ गेली की खालचं पाणी वर खेचलं जातं. जमीन कोरडी पडली आणि वरून ओढ तशीच राहिली की नळीत हवेचा बुडबुडा होतो आणि ती नळी निकामी. बोअरची मोटर हवा धरते ना, घरघर आवाज येतो आणि पाणी येत नाही, अगदी तेच. आपण मोटर बंद करून परत पाणी भरून चालू करतो, झाडाला ते सहज जमत नाही. माझ्या गुलाबांचं बहुतेक हेच झालं.

दुष्काळातून निघायचे झाडांचे वेगवेगळे मार्ग आहेत. पळस पानंच टाकून देतो, पान नाही तर खर्च नाही. निवडुंग अंगातच टाकी बांधतो. गवत बी टाकून मरून जातं आणि मृगाची वाट बघतं. कण्हेर यातलं काहीच करत नाही, ती सगळी पानं अंगावर ठेवते, हिरवीगार, आणि उन्हात फुलतेसुद्धा. कसं?

पान नाही, माळवदाचं घर

आमच्या आजोळी माळवदाचं घर होतं. हात-दीड हात जाडीच्या पांढऱ्या मातीच्या भिंती, बाहेरच्या बाजूला खिडकी जवळपास नाहीच, असली तर झरोक्याएवढी, आणि जो काय उजेड-वारा तो आतल्या चौकातून. मे मध्ये बाहेर आग आणि आत अंगावर गोधडी घ्यावी वाटेल असा गारवा. आता सगळ्यांनी स्लॅब टाकले आणि कूलर घेतले, ते असो.

कण्हेरीचं पान त्याच डोक्याने बांधलेलं आहे. वरच्या बाजूला मेणाचा जाड थर, त्याच्याखाली साध्या पानासारखा एकच पापुद्रा नाही तर पेशींचे दोन-तीन थर, आणि वरच्या अंगाला छिद्र एकही नाही. सगळी छिद्रं खालच्या अंगाला, तीसुद्धा उघड्यावर नाहीत. पानाला खाली बारीक खड्डे असतात, खड्ड्याच्या आत मऊ केसांची लव, आणि त्या खड्ड्यात तळाशी छिद्रं. मैत्रिणीने मला शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली आडवा काप दाखवला तेव्हा मी म्हणलं हे तर चौक आहेत गं. चौकातच सगळी दारं उघडतात आणि चौकाच्या तोंडावर वाळ्याचा पडदा. घरी बघायचं असेल तर साधं भिंग घ्या, पान उलटं करून उजेडात धरा, शिरांच्या मध्ये फिकट ठिपके दिसतील, तेच ते खड्डे. हात मात्र नंतर धुवा, का ते पुढे येतंय.

शाळेच्या पुस्तकात लिहिलेलं असतं की खड्ड्यामुळे वाफ अडते आणि पाणी वाचतं. ते चूक नाही, पण अलीकडे काही शास्त्रज्ञ म्हणतात की नुसत्या खड्ड्याने पाण्याची बचत वाटते तेवढी होत नाही, पान इतकं जाड आहे की आतपर्यंत हवा पोचवायला तो खड्डा जास्त कामाला येत असावा. मला दोन्ही पटतं, चौकाचंही तसंच होतं, गारव्याला पण आणि उजेडाला पण. बाकी बचत मेणाचा थर करतो, आणि ऊन चढलं, जमीन सुकली की छिद्रं मिटून घ्यायची सवय करते.

मुळं हा तिसरा भाग. ओढ्यातलं झाड आहे म्हणलं ना, गोट्यांच्या खाली खोल कुठंतरी ओल असते ती शोधत जायची त्याला पिढ्यानपिढ्या सवय. म्हणजे कण्हेरीला पाणी नको असतं असं नाही, तिला ते खालून हवं असतं आणि उशिरा मिळालं तरी चालतं.

आणि उन्हाची सवय तर सरळ तुपासारखी

हा भाग मला सगळ्यात आवडला. १९७०-८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी कण्हेरीवरच प्रयोग केले. एकाच झाडाच्या काड्यांपासून रोपं केली, म्हणजे रक्त एकच, आणि काही रोपं दिवसा २० डिग्रीला वाढवली, काही ४५ डिग्रीला. ४५ वाली रोपं मेली नाहीत, उलट त्यांची पानं कडक उन्हात जास्त चांगलं काम करायला लागली, आणि थंडीत मात्र २० वाल्यांपेक्षा मागे पडली. म्हणजे कण्हेर आपलं पान हवामानाप्रमाणे नवीन बांधून घेते.

कसं, तर पेशीच्या आतले पडदे स्निग्ध पदार्थांचे असतात. थंडीत आपलं तूप थिजतं, मे मध्ये त्याचं पाणी होतं. तेल मात्र दोन्ही वेळेला पातळ. पडदा जास्त पातळ झाला तर उन्हात आतलं यंत्र विस्कटतं, जास्त घट्ट झाला तर थंडीत जाम होतं. उन्हात वाढलेल्या कण्हेरीत तुपासारखे स्निग्ध पदार्थ जास्त, थंडीत वाढलेलीत तेलासारखे जास्त. एवढं साधं आणि एवढं हुशार.

यातून घरच्यासाठी एक गोष्ट निघते. नर्सरीत हिरव्या नेटखाली वाढलेलं रोप मे मध्ये आणून थेट टेरेसवर ठेवलं तर ते करपेल, मग तुम्ही म्हणाल कसली कणखर. त्याला अजून तूप करायला वेळच मिळालेला नाही. दहा-पंधरा दिवस आधी सकाळचं ऊन, मग हळूहळू पूर्ण ऊन.

मग विष कशाला?

आता आत्याच्या मुद्द्यावर येऊ. एप्रिल-मे मध्ये मराठवाड्यात हिरवं पान म्हणजे काय, जरा जनावराच्या डोळ्यांनी बघा. शेतं उघडी, गवत पिवळं होऊन उडून गेलेलं, शेळ्या बाभळीच्या शेंगांसाठी मागच्या पायांवर उभ्या. अशात एक झाड अंगभर हिरवी पानं घेऊन उभं आहे. दुष्काळात रस्त्यावर उघडं ठेवलेलं ज्वारीचं पोतं आहे ते. ते पोतं सकाळपर्यंत टिकायला काहीतरी बंदोबस्त पाहिजेच.

आणि कण्हेरीचं पान महाग असतं, ते जाड थर, ते मेण, ते खड्डे, सगळं बांधायला बराच खर्च येतो. पळसाला पान गेलं तर नवीन आणता येतं, कण्हेरीने एक पान गमावलं तर ऐन टंचाईत ते परत बांधायला पाणी आणायचं कुठून? म्हणून एकीकडे पान टिकाऊ बांधायचं आणि दुसरीकडे ते कुणी खाऊ नये म्हणून त्यात विष भरायचं. दोन वेगळे गुण नाहीत हे, एकाच व्यवहाराच्या दोन बाजू आहेत. विष नसतं तर मे मधली ती हिरवळ आणि फुलं पण नसती.

याचा पुरावा मी डोळ्यांनी बघितलाय. एकदा गेट उघडं राहिलं आणि शेजारची शेळी आत घुसली. मोगरा, कढीपत्ता, पुदिन्याची कुंडी, सगळं साफ. कण्हेरीपाशी गेली, एक पान ओठात धरलं, सोडलं, नाक फेंदारलं आणि माझा दोरीवरचा टॉवेल चघळायला लागली.

पण यावर विसंबू नका. हिरवं पान कडू लागतं म्हणून जनावर सोडतं, वाळलेलं पान कडब्यात किंवा गवतात मिसळलं तर ओळखू येत नाही, आणि वाळल्याने विष जात नाही. छाटलेल्या फांद्या गुरांच्या वाटेवर कधीच टाकू नका.

ते विष करतं काय

मुख्य विषाचं नाव ओलिअँड्रिन, पण नाव विसरा, काम लक्षात ठेवा. आपल्या हृदयाच्या प्रत्येक पेशीला एक बारीक पंप असतो. तो सतत सोडियम बाहेर उपसतो आणि पोटॅशियम आत घेतो, तीन बाहेर, दोन आत, दिवसरात्र. पावसाळ्यात तळघरात पाणी येतं आणि मोटर ते उपसत राहते तसं समजा. कण्हेरीचं विष या पंपात जाऊन अडकतं. उपसा बंद, आत सोडियम साचतं, त्याच्यामागून कॅल्शियम वाढतं, रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदयाचा ताल बिघडतो. आधी मळमळ, उलट्या, पोटात दुखणं, चक्कर, आणि मग नाडी मंद किंवा वेडीवाकडी.

गंमत म्हणजे हृदयाच्या आजारात डिगॉक्सिन नावाचं जे औषध देतात तेसुद्धा हाच पंप थोडासा अडवतं, ते दुसऱ्या एका झाडापासून येतं. यावरून कुणीतरी लगेच म्हणेल की मग कण्हेर हृदयाला चांगली. नाही ओ. डिगॉक्सिनची गोळी मायक्रोग्रॅममध्ये मोजतात आणि तरी डॉक्टर रक्त तपासत बसतात, कारण फायद्याची मात्रा आणि घाताची मात्रा यात बोटभरसुद्धा अंतर नाही. झाडाच्या पानात किती विष आहे ते मोजलेलं नसतं. त्यामुळे कण्हेरीच्या मुळीचा लेप, काढा, अमुक तमुक, असले फॉरवर्ड आले तर तिथंच डिलीट करा. उपटून टाका म्हणणाऱ्या फॉरवर्डपेक्षा हे जास्त धोक्याचे आहेत.

घरात लेकरं आहेत, मग लावावी का?

मे २०२४ मध्ये केरळात देवळांचा कारभार बघणाऱ्या त्रावणकोर आणि मलबार देवस्वम मंडळांनी नैवेद्य आणि प्रसादात अरळीचं फूल वापरायचं नाही असं ठरवलं. अरळी म्हणजे आपली कण्हेर. त्याआधी तिथं एका तरुणीचा मृत्यू झाला होता आणि तिने बोलता बोलता अरळी चावली होती अशा बातम्या आल्या होत्या. तेव्हापासून हे फॉरवर्ड फिरायला लागले. म्हणजे धोका बनावट नाही.

पण धोका पोटात गेल्यावर आहे. झाडाखालून गेल्याने, फूल हातात घेतल्याने, वास घेतल्याने काही होत नाही. रस कातडीला लागला तर काहींना खाज सुटते, डोळ्यात गेला तर आग होते. धूर मात्र वाईट, तोसुद्धा विषारीच, त्यामुळे वाळकी काटकी बंबात किंवा चुलीत घालायची नाही, शेकोटीत नाही, आणि रानात डबा खायला गेल्यावर हिची काडी तोडून चमचा करायचा नाही.

माझं स्पष्ट मत विचाराल तर रांगतं किंवा दोन-तीन वर्षांचं, सगळं तोंडात घालणारं लेकरू घरात असेल तर तेवढी वर्षं थांबा, कण्हेर कुठं पळून जात नाही. मोठ्या लेकरांना झाड दाखवून नाव घेऊन सांगा. माझ्या पोराला मी पंपाची गोष्ट सांगितली, आता गल्लीतल्या प्रत्येकाला तोच लेक्चर देत फिरतो.

आणि कुणी खाल्लंच तर घरगुती उपाय करत बसू नका, मीठपाणी पाजून उलटी काढायच्या नादी लागू नका, १०८ ला फोन करा किंवा गाडीत घालून जिथं ईसीजी होतो अशा दवाखान्यात न्या, सोबत झाडाची फांदी किंवा फोटो घ्या. आता बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका, त्रास काही तासांनी पण सुरू होतो.

पण देवाला तर वाहतो की आपण

वाहतोच. गणपतीच्या २१ पत्रींमध्ये कण्हेर आहे, महादेवाला आणि देवीला फुलं वाहतात. पण त्याच पत्रीत रुई आणि धोतरा पण आहे, म्हणजे वाहायची गोष्ट आणि खायची गोष्ट आपल्याकडं आधीपासून वेगळीच होती. गडबड होते ती आत्ता, ताटात सजावट म्हणून सगळ्या फुलांच्या पाकळ्या शिऱ्यावर टाकायच्या, तीर्थाच्या भांड्यात फूल तरंगत ठेवायचं, असलं सुरू झालंय. एवढं टाळलं की झालं. करवीर नावाचा अख्खा तालुका आहे कोल्हापुरात, आणि याच झाडाचं संस्कृतातलं दुसरं नाव आहे अश्वमारक, घोडा मारणारं. म्हणजे जुन्या लोकांना माहिती सगळं होतं.

हायवेवर ही कार्बन शोषायला लावतात म्हणे

हासुद्धा फॉरवर्डच. कार्बन डायऑक्साइड प्रत्येक हिरवं झाड घेतं, कण्हेरीची त्यात काही खास डिग्री नाही. हायवेच्या दुभाजकावर ती का दिसते त्याची कारणं जास्त साधी आहेत. बारमाही हिरवी आणि दाट, त्यामुळे समोरच्या गाडीचा लाईट डोळ्यावर येत नाही. टँकर आठ दिवस आला नाही तरी मरत नाही. धूळ, धूर, मुरूम, सगळं सोसते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मोकाट गुरं खात नाहीत. दुभाजकात मका लावला तर काय होईल विचार करा.

एवढी कणखर आहे तर पाणी घालायचंच नाही?

इथं लोक फसतात. लावल्यावर पहिलं वर्ष तिला पाणी लागतंच, मुळं खाली जाईपर्यंत ती पण गुलाबासारखीच पोरकी. त्यानंतर मात्र रोज तांब्या-तांब्या ओतण्यापेक्षा आठ-दहा दिवसातून एकदा दोन बादल्या सावकाश सोडलेल्या बऱ्या. वरवर रोज पाणी दिलं की मुळं वरच घोटाळतात आणि मग एक आठवडा गावाला गेलात की झाड माना टाकतं, ही सवय आपणच लावलेली असते.

आपल्या काळ्या जमिनीत उलटीच अडचण येते. मे मध्ये तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि ऑगस्टमध्ये तीच जमीन लोण्यासारखी होऊन पाणी धरून बसते. कण्हेर ओढ्यातली, तिला वाहतं पाणी चालतं, साचलेलं नाही. म्हणून खड्ड्यात निम्मा मुरूम मिसळा आणि रोप जरा उंचवट्यावर लावा. पावसाळ्यात खालची पानं पिवळी पडायला लागली तर खत नाही, निचरा बघा. कुंडीत असेल तर मोठी कुंडी घ्या आणि खालचं भोक बुजलंय का ते आधी तपासा, दहातल्या आठ तक्रारी तिथंच मिटतात.

बोअरचं जड, खारट पाणी, ज्याने नळाच्या तोटीला पांढरा थर चढतो, ते हिला चालतं. आरओचं वाया जाणारं पाणी मी हिलाच घालते, पावसाळ्यात ते मीठ धुवून जातं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, पहिल्या खेपेला सुमारे ५ लाख लिटर, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना सांगायला नको की भांडी विसळलेलं पाणी पण तेव्हा दोनदा वापरून मगच झाडाला जायचं. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत लॉन नावाचा प्रकार संपला तो संपलाच, जुन्या कण्हेरी तेवढ्या राहिल्या. वर्षाला ७०० मिलीमीटरच्या आतबाहेर पाऊस, तोही दोन-चार दिवसात धो धो पडून गायब होणारा, अशा भागात आपण जपूनजपून हिरवळ आणि परदेशी गुलाब लावतो आणि जे झाड या हवेसाठीच बांधलंय त्याला रस्त्याच्या कडेचं म्हणून हिणवतो, हे मला कधी कळलेलं नाही.

ऊन पूर्ण हवं, सावलीत नुसती काठी वाढते. फुलं नवीन फुटव्याच्या टोकाला येतात म्हणून थंडी सरताना छाटणी करायची, हातात मोजे घालून, आणि कात्री धुवून ठेवायची. युरियाचा मोह नको, पानांचं रान माजेल आणि कोवळ्या शेंड्यावर पिवळाधमक मावा बसेल. तो आलाच तर पाण्याची जोरात पिचकारी मारा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

मधमाश्या, फुलपाखरं?

कण्हेरीचं फूल फसवं असतं. रंग आहे, काही जातींना मंद वास पण आहे, पण आत मध नाही. माशी येते, बघते, रिकामी जाते, एवढ्यात चुकून परागीभवन झालं तर झालं, म्हणून शेंगा कमी दिसतात. मध विषारी होईल ही भीती त्यामुळे काढून टाका.

पण विष पचवणारे दोघेतिघे आहेतच. मागच्या पावसाळ्यात एका पानाखाली मला चांदीचा थेंब लटकलेला दिसला. खरंच वाटलं कुणाच्या कानातलं अडकलंय. जवळ गेले तर कोष, इतका चकचकीत की त्यात माझा चेहरा आणि मागचं गेट वाकडंतिकडं दिसत होतं. नंतर त्यातून काळपट तपकिरी पंखांचं, कडेला पांढरे ठिपके असलेलं फुलपाखरू निघालं, इंग्रजीत त्याला कॉमन क्रो म्हणतात. त्याच्या अळ्या कण्हेर खातात आणि त्यांना काही होत नाही. दुसरी एक मोठी हिरवी अळी असते, डोक्याजवळ दोन निळे डोळे काढल्यासारखे ठिपके, तिला बघून शेजारच्या काकू ओरडत बाहेर पळाल्या होत्या. ते डोळे नसतातच, नुसती भीती दाखवायला. तिचा पुढे हिरव्या-गुलाबी पंखांचा देखणा पतंग होतो. चार पानं गेली तर जाऊ द्या, औषध मारू नका.

काडी कधी लावायची

जून-जुलै, पाऊस सुरू झाल्यावर. पेन्सिलएवढ्या जाडीची वीतभर काडी, खालची पानं काढून टाकायची, थेट मुरमाड मातीत खोचा किंवा पाण्यात ठेवा, तीन-चार आठवड्यात मुळं फुटतात. पाण्यात ठेवलेली काडी बघायला छान वाटते, आधी पांढरे फोड येतात आणि मग एक दिवस सकाळी धाग्यासारखी मुळं.

फक्त ते पाणी पण विषारी होतं, हे मला माहिती नव्हतं. मागच्या जुलैत मी बिसलेरीच्या बाटलीत तीन काड्या घालून किचनच्या खिडकीत ठेवलेल्या, एकदा रोपं लावायला काड्या काढल्या आणि बाटली तशीच ओट्यावर राहिली, दिसायला अर्धी भरलेली साधी पाण्याची बाटली. नळ दुरुस्त करायला आलेल्या पोराने घाम पुसत ती उचलली, झाकण शोधायला लागला तेव्हा माझं लक्ष गेलं. आता काड्या काचेच्या बरणीत असतात, बाहेर न्हाणीच्या वर, माझ्या पोराचा हात पोचणार नाही इतक्या उंच, आणि बरणीवर स्केचपेनने मोठ्या अक्षरात लिहिलंय, कण्हेर, पिऊ नका. आत्याने पांढऱ्या फुलाची काडी मागितलीय, ती पण त्याच बरणीत आहे.